फळा आणि राहून गेलेलं बारसं

माझी भाची दोन महिने बिननावाची राहिली आणि त्याचं पाप माझ्या माथी आहे. माझ्या आणि आमच्या शाळेतल्या एका मशीनच्या. भावकीतल्या बायका अजून विचारतात, आत्याबाई, एक नाव ठेवायला दोन महिने, म्हणजे काय पंचांग लिहायला बसला होता का? लिहायलाच बसले होते. पंचांग नव्हे, तेरा ओळींची एक फाईल. पण हे त्यांना सांगून उपयोग नाही, म्हणून मी आपली हसते आणि दुसरा लाडू उचलते.

मी सेलू तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो असं पोरं म्हणतात, आणि खरंच म्हणतात. पण तो उतरतोही लवकर, हे मात्र कुणी म्हणत नाही. तीन वर्षांमागं कुणा भल्या माणसांनी शाळेला वीस जुने टॅब आणि एक दांडगा कॉम्प्युटर दिला. सगळ्यांनी हार घातले, फोटो काढले आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. का, तर गणिताच्या बाई. मला तेव्हा कॉम्प्युटर बंद कसा करायचा एवढंच येत होतं. पण 'येत नाही' म्हणायचा माझा स्वभाव नाही. शिकले. चुकले, पुन्हा शिकले, पुन्हा चुकले. सहा महिन्यांत त्या कॉम्प्युटरवर धडे, गणिताचे खेळ, चाचण्या सगळं भरलं आणि एका पांढऱ्या वायफायच्या डब्यानं वीसच्या वीस टॅब त्याला जोडले. बाहेरचं नेट मरो की जगो, आमचं घरचं जाळं चालू. पोरानं टॅबवर 'फळा' एवढं लिहिलं की फळा उघडायचा. पहिल्यांदा उघडला तेव्हा मी भर वर्गात टाळ्या वाजवल्या होत्या, त्याही एकटीनंच.

आता टॅबला काय कळतंय फळा म्हणजे कोण? मशीनं एकमेकांना नंबरानं ओळखतात. म्हणून मोठ्या कॉम्प्युटरात एक छोटासा प्रोग्राम बसवलेला असतो. देवगाव फाट्यावरच्या पानटपरीवाल्याला नाव सांगितलं की तो घर सांगतो, तसा हा. कुणी विचारलं फळा कुठं, की यानं नंबर सांगायचा. मी त्याला टपरीवालाच म्हणायचे. गडी हुशार, पण एक खोड. लाईट जाऊन आली आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की त्याच्यातलं बाकी सगळं उठायचं आणि हा तेवढा झोपलेला. मग मी जाऊन एक ओळ टाइप करून त्याला उठवायचं. लाईट आमच्याकडं दिवसातून एकदा-दोनदा जातेच. ती गेली की मी वर्ग सोडून हातात खडू घेऊन पळायचे. पोरांनी त्याला 'बाईंची शर्यत' असं नाव पाडलं होतं.

माझा भाऊ येलदरीला असतो, धरणाच्या खालच्या अंगाला शेती करतो. तुझ्या गावात वीज तयार होते आणि माझ्या शाळेत येईपर्यंत दमते, असं मी त्याला चिडवते. तो म्हणतो, तायडे, तुझ्या रागाला भिऊन पळत असंल. आम्ही दोघंच. आईवडील गेले, दुसरी बहीण नाही. त्याच्या लग्नाला चौदा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचं बोलून झालं. शेवटी शेवटी वहिनीनं कुणाच्या बारशाला जाणंच सोडलं. आणि मग पंधराव्या वर्षी पोरगी झाली. फोनवर भावाला बोलताच येईना, नुसता रडायला लागला, आणि मी इकडं व्हरांड्यात आख्ख्या सातवीसमोर एक गिरकी घेतली. या वयात, या वजनात. पोरं अजून ती करून दाखवतात.

आमच्याकडं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळण्यात वाकायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि मागून बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालणार. ही रीत. आणि या पोरीला आत्या एकच, मी. मी नाही तर नाव नाही. म्हणून बाराव्या दिवशी नवी हिरवी साडी नेसून, पिशवीत कुंची, चार झबली आणि चांदीचे वाळे घेऊन मी निघाले आणि देवगाव फाट्यावर जिंतूरच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. स्वतःशीच कुर्रर्र करून बघत होते. शेजारचे आजोबा दोन पावलं लांब सरकले.

तेवढ्यात मुख्याध्यापक सरांचा फोन आला. तालुक्याहून साहेब अचानक पाहणीला आलेत, लाईट जाऊन आलीय आणि फळा उघडत नाही. मी म्हटलं, काही अवघड नाही सर, मी सांगते ती ओळ टाइप करा. केली. आता पासवर्ड. सर म्हणाले, बाई, काहीच उमटत नाही. मी म्हटलं, पासवर्ड उमटत नसतो, लोकांनी बघू नये म्हणून तो दिसतच नाही, तुम्ही आंधळ्यासारखा टाइप करा. सर म्हणाले, हो, पण उमटत नाही ना. मग ते जोरात दाबायला लागले. फोनमधून मला आवाज येत होता, खलबत्त्यात मिरच्या कुटाव्यात तसा. एकेक अक्षर चार-चारदा कुटलेला पासवर्ड कोणतं मशीन मान्य करील? तीनदा नाही म्हणून ते गप्प झालं. मी म्हटलं, मामांकडं द्या. मामा म्हणजे आमचे शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. ते फोनवर आले आणि म्हणाले की या मशीनच्या अंगाला फडकं लावतो तेवढं बास, बटनं दाबायची त्यांची छाती न्हाई.

जिंतूरची गाडी समोर येऊन उभी राहिली. कंडक्टरनं विचारलं, येताय का? माझा एक पाय पायरीवर होता. मी तो खाली घेतला. उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसून शाळेत आले तर साहेब उपमा खाऊन, शेरा लिहून निघून गेलेले. कॉम्प्युटरच्या खोलीकडं त्यांनी मान वळवून सुद्धा बघितलं नव्हतं म्हणे.

येलदरीत पाळणा सजवलेला होता. बायका जमल्या होत्या, घुगऱ्या शिजल्या होत्या. मी भावाला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "चौदा वर्षं थांबलो, तायडे. तुझ्या मशीनसाठी बी थांबतो. पण तू आल्याबिगर नाव ठेवणार न्हाई."

त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. फोन केला की वहिनी उचलायची. ती बिचारी सगळं सांगायची: दूध पिती, हसती, लसीच्या कार्डावर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' लिहिलंय, शेजारचे कुणी ठमी म्हणतात कुणी चिमणी म्हणतात, आणि तुमचे भाऊ कशालाच हाक मारत नाहीत, नुसतं बघत बसतात. चौदा वर्षं ज्या लेकराची वाट बघितली, त्याला हाक मारायला नाव नाही आणि ते अडवून बसलीय त्याची सख्खी आत्या. मी पोटभर रडले आणि रडून झाल्यावर माझा तो प्रसिद्ध राग आला. सरांवर नाही, साहेबांवर नाही. टपरीवाल्यावर. त्याला म्हटलं, थांब गुलामा, तुला स्वतःच्या पायानं उठायला शिकवते.

एका रविवारी शाळा उघडून बसले. कॉम्प्युटर सुरू झाला की कोणी कोणी आपोआप उठायचं याची त्याच्याकडं एक हजेरी असते. त्या हजेरीत टपरीवाल्याचं नाव घालायचं, तो कुठं राहतो ते सांगायचं आणि रोज उठव म्हणून बजावायचं. अकरा ओळी. दुपारचा डबा तसाच राहिला. चार वाजता सगळी बटनं बंद केली, थांबले, पुन्हा चालू केली आणि कीबोर्डला हात न लावता टॅबवर फळा लिहिलं. उघडला! पुन्हा बंद, पुन्हा चालू. उघडला! सात वेळा केलं, सात वेळा उघडला. मी त्या खोलीत एकटीनंच फुगडी घातली. एकटीची फुगडी कशी घालतात ते विचारू नका, आनंद झाला की जमते. लगेच वहिनीला फोन केला, पंचांग बघ, दिवस काढ. तिनं तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार काढला. सरांना रजा मागितली. त्या गुरुवारी नेमकी टॅबवर चाचणी होती. सर म्हणाले, रजा घ्या बाई, पण फळा तुमच्यावाचून उघडतो हे मला आधी दाखवा. मी म्हटलं, उद्याच दाखवते.

सोमवारी सकाळी मामांनी खोली उघडून सगळं चालू करून ठेवलं होतं. सर, मी आणि सहावीतली पोरं रांगेनं आत गेलो. टॅबवर फळा लिहिलं. नाही उघडला. सरांनी चष्मा काढून पुसला.

मी सगळं बंद केलं, चालू केलं. उघडला. मंगळवारी सकाळी मामांनी चालू केलं, नाही उघडला. मी केलं, उघडला. अकरा ओळी पुसून पुन्हा लिहिल्या. बुधवारी तेच. म्हणजे माझ्या हातानं चालतंय आणि मामांच्या हातानं नाही. बावीस वर्षं पोरांना सांगतेय की गणितात माणूस बघून उत्तर बदलत नसतं, आणि इथं डोळ्यांदेखत बदलत होतं. माझं डोकं फुटायची वेळ आली. मामा तर खचलेच. त्याच दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि खाली बघून म्हणाले की बाई, माझ्या हातालाच कायतरी हाय, उद्यापासून खोली तुमीच उघडत जा. चाळीस वर्षं त्या हातानं शाळेची घंटा वाजवलेली. मला इतकं वाईट वाटलं की माझा राग कुठच्या कुठं गेला.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजताच जाऊन खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. मामांना म्हटलं, मी इथं नाहीच असं समजा, रोज करता तसं करा. मामांनी चपला बाहेर काढल्या. मोठ्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढून घडी घातली, त्याला हात जोडले आणि त्याचं बटन दाबलं. मग खिडक्या उघडल्या. मग माठ विसळून भरला. मग झाडून काढलं. दहा मिनिटं झाली असतील. आणि मग निवांत जाऊन दाराजवळचं बटन दाबून पांढरा डबा चालू केला.

मी स्टुलावरून उठलेच. मी दारातून आत आले की हाताशी असतं म्हणून पहिलं बटन दाबायची ते डब्याचं. मामा दाबायचे सगळ्यात शेवटी. आणि डबा बंद म्हणजे जाळ्याचा रस्ताच बंद. टपरीवाला सांगितल्याप्रमाणं इमानानं उठत होता, बाहेर बघत होता, रस्ताच नाही म्हटल्यावर दुकान बंद करून पुन्हा झोपत होता. दहा मिनिटांनी रस्ता उघडायचा तेव्हा हा घोरत पडलेला. ऊठ म्हणून मी त्याला सांगितलं होतं; थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

मी मामांना विचारलं, डबा शेवटी का हो? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की या बाई शाळा शिकल्या पण कुठल्या. म्हणाले, "बाई, पंगतीत मोठ्याच्या आधी धाकट्याला पाट देत्यात का?"

मी बोलल्याशिवाय राहते होय? म्हटलं, मामा, उद्यापासून आधी डबा. ते बरं म्हणाले. शुक्रवारी त्यांनी आधी डबा चालू केला, फळा उघडलाही. पण मग ते मोठ्या कॉम्प्युटरपुढं उभे राहून पुटपुटत त्याची माफी मागत होते, आणि ते मी दारातून ऐकलं. शनिवारी हात सवयीनं पुन्हा मोठ्याकडंच गेला. चाळीस वर्षांचं वळण माझ्या एका वाक्यानं कसं मोडणार, आणि मी येलदरीला असताना मोडेल यावर मी काय म्हणून भरवसा ठेवायचा?

त्या रात्री ताट वाढून घेतलं आणि मला आमचे दादा आठवले. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. पाट पहिला त्यांचाच मांडला जायचा, ते पहिले बसायचे. पण भाऊ नदीवरून यायचा असला तर ताटावर हात ठेवून थांबायचे. आई म्हणायची, सुरू करा. दादा म्हणायचे, येऊ दे की त्याला. तो ओल्या केसांनी धापा टाकत येऊन बसला की मगच पहिला घास. मोठ्याचा मान कुठं गेला नव्हता आणि धाकटा कधी उपाशी राहिला नव्हता. मी ताटावरून तशीच उठले आणि उष्ट्या हातानंच वहीत दोन ओळी लिहिल्या.

सोमवारी त्या दोन ओळी फाईलीत घातल्या. एक, जाळ्याचा रस्ता उघडेपर्यंत थांब. दुसरी, पडलास तर दहा सेकंदांनी पुन्हा ऊठ, आणि कितीदाही पडलास तरी ऊठ. झाल्या तेरा. मामांना म्हटलं, तुमचं तेच बरोबर होतं, आधी मोठ्यालाच मान द्या. त्यांचा चेहरा असा फुलला की बास. त्यांनी हात जोडले, बटन दाबलं, माठ भरला. मी टॅब छातीशी धरून दहा मिनिटं बसले. डब्यावर हिरवा दिवा लागला. मी फळा लिहिलं. उघडला! मला मामांबरोबर फुगडी घालावीशी वाटत होती, पण शाळा आहे, वय आहे, म्हणून मी नुसती टेबलावर थाप मारली. पुढं दोन आठवडे रोज सरांना दाखवलं. सरांनी रजेच्या अर्जावर सही केली.

गुरुवारी देवगाव फाट्यावर गाडी बदलताना मी फोनकडं बघत नव्हते, फोन माझ्याकडं बघत होता. वाजला नाही. जिंतूर गेलं, येलदरी आली. भावानं माझ्या हातातली पिशवी घेतली, पण बोलला नाही. घर बायकांनी भरलेलं. वहिनीच्या मांडीवर ती होती. मूठ तोंडात घातलेली, दादांसारखं रुंद कपाळ. तिला कुंची घातली, वाळे घातले, पाळण्यात ठेवलं. गाणी झाली. बायकांनी पदर खोचले आणि गुद्दे घालायला माझ्या मागं उभ्या राहिल्या. मी पाळण्यात वाकले.

आणि फोन वाजला. पिशवीत, भावाच्या हातात. भावाचा चेहरा खर्रकन उतरला, तसाच, जसा मी त्या दिवशी फोनवर नुसता ऐकला होता. वाजू दे, म्हटलं मी, उचलू नको. मी खरंच ठरवलं होतं की फळा जळाला तरी आज उठायचं नाही. पण त्यानं पिशवीतून फोन काढला, बघितलं आणि मोठ्या आवाजावर लावून सगळ्यांच्या मधोमध धरला. मामा बोलत होते. "बाई, लाईट गेल्ती, आली. मी आधी मोठ्याला लावलं, मंग डब्याला. बाकी कशाला बी हात लावला न्हाई. पोरं चाचणी लिहायलीत. तुमी निवांत नाव ठिवा."

भावानं फोन बंद केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"ऐकलंस न्हव, तायडे?" तो म्हणाला. "ठेव आता नाव."

कुर्रर्र करायचं म्हणजे नुसती हवा यायला लागली. तिसऱ्या वेळी जमलं आणि मी तिच्या कानात नाव सांगितलं. तिनं तोंडातली मूठ काढली आणि माझं नाक धरलं. मागून गुद्दे पडायला लागले, वहिनीचे, शेजारणींचे, कुणाकुणाचे. बारशात पुरुष गुद्दे घालत नाहीत, तशी रीतच नाही. पण सगळ्यात जोरात बसला तो गुद्दा भावाचा होता, आणि तो घालताना तिचं नाव घेऊन तिला मोठ्यानं हाक मारत होता. माझी पाठ पुढं दोन दिवस दुखत होती.